कोरडी दोरी

कारंजा (घाडगे)
१२ नोव्हेंबर १९८०

नलू,

तुले आशीर्वाद. पार्सल परवा पोचलं. पोस्टमन सायकलीवर आडवं धरून घेऊन आला अन् म्हणे, "कंट्रोलर साहेब, बंदूक मागवली का?" म्हटलं, जवाईबापूंची काठी हाय, मासे धरायची. रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तरी एस.टी.च्या आर्वी डेपोतलं ते नाव काई माह्या मागचं जात नाई.

काठी पाहून जीव कसनुसा झाला. जवाईबापू गेले तेव्हा मी येऊ शकलो नाई. तुह्या वहिनीची तब्येत ठीक नव्हती म्हून तेव्हा लिहिलंच होतं. आता त्यांची वस्तू माह्या हातात हाय.

संध्याकाळ कटत नाई म्हून मळ्यामागच्या पाझर तलावावर घेऊन गेलतो. बाजारातली बारीक नायलॉनची दोरी लावली अन् फेकली, तं ती माह्याच टोपीवर येऊन पडली. जवाईबापू सांगत, दोरी पाण्यावर पान पडावं तशी पडते. माह्यी काऊन पडत नसंल? कोणती दोरी लागते ते कळवजो.

वहिनी बरी हाय. तू तिथं बर्फात एकटी काऊन राहून राह्यली? निघून ये. घर तुह्यंच हाय.

किसनदादा

*

पतलीकुहल, जि. कुल्लू
२ डिसेंबर १९८०

दादा,

नमस्कार तुला आणि वहिनींना. टोपीचं वाचून हसले. बऱ्याच दिवसांनी.

नेहमीच्या गळात वजन आमिषाचं असतं. ते पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. इथे उलटं. आकड्यावर पिसांची माशी बांधलेली, फुंकरीनं उडेल इतकी. ती काय ओढणार? म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. काठी दोरीला फेकते आणि माशी तिच्या मागून जाते. तुझी बाजारातली दोरी हलकी, म्हणून ती वाऱ्यानं तुझ्याकडेच परत आली.

काठीच्या मुठीजवळ बघ, सहाचा आकडा असेल. दोरीही सहा नंबरचीच हवी. कमी नंबरची लावली तर काठी वाकतच नाही, हात तेवढा दुखतो. जास्त नंबरची लावली तर काठी थकते. त्यात पुन्हा दोन जाती. एक पुढच्या बाजूनं जड, ती लांब जाते. मोठ्या नदीवर साहेबलोक तीच लावतात. दुसरी दोन्ही टोकांना निमुळती. ती लांब जात नाही, पण हळू उतरते, आणि एक टोक झिजलं की उलटी करून लावता येते. तुला दुसरीच बरी. यांची एक होती, ती सोबत पाठवते. दोरी फिरकीवर राहून वेटोळी झाली असेल, तर फेकण्याआधी हाताहातानं ताणून घे.

माझं बरं चाललंय. यांच्या नोकरीचं सरकारी क्वार्टर सोडलं. ठाकूरांच्या सफरचंदाच्या बागेत मागची खोली मिळाली आहे. ते घरच्यासारखंच वागवतात. मी माश्या बांधते, बाजारातला दुकानदार पर्यटकांना विकतो. यांनीच शिकवलेलं कामी येतंय. तिकडे येऊन मी काय करू? ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा व्याप असतो.

नलू

*

कारंजा
२० जानेवारी १९८१

नलू,

आशीर्वाद. दोरी मिळाली. तू म्हणतं तशी ताणून घेतली. आता ती पुढं जाते, टोपीवर येत नाई, पण शेवटी जाऊन गोळा होऊन पडते. भिजलेला धोतराचा पिळा टाकावा तशी. रोज संध्याकाळी तलावावर जातो. पाणी यंदा बरं हाय. बगळे बसलेले असतात, माह्याकडं पाहून उडतबी नाई आता.

दोरीच्या टोकाले माशी बांधाची कशी? दोरी एवढी जाड अन् आकड्याचं भोक सुईएवढं. मी मधात हातभर नायलॉन बांधला हाय. हे बरोबर की चूक, ते सांगजो.

ओमप्रकाश पुण्याहून आलता, दोन दिवस राहून गेला. म्हणे, बाबा, आईले घेऊन पुण्याले चला. दोन खोल्यांत कोठी राहाचं? वहिनी थोडी विसराळू झाली. भाजीत मीठ दोनदा पडते. वय हाय.

हात दुखून राह्यला, बाकी ठीक.

किसनदादा

*

पतलीकुहल
११ फेब्रुवारी १९८१

दादा,

हातभर नायलॉन हेच चुकतंय. दोरी आणि माशी यांच्या मधला जो भाग असतो त्याला लीडर म्हणतात. तो तुझ्या उंचीच्या दीडपट तरी हवा, आणि एकाच जाडीचा नको. दोरीकडून जाड, मध्ये मध्यम, माशीकडे बारीक. हातातला जोर काठीतून दोरीत येतो, दोरीतून लीडरमध्ये. जाडी हळूहळू कमी होत गेली तर जोरही हळूहळू संपतो आणि माशी अलगद टेकते. एकदम जाडाला बारीक जोडलं तर जोर त्या गाठीपाशीच मरतो, आणि पुढचं सगळं गोळा होतं.

तीन जाडीचे नायलॉन घे. जाड तुकडा सगळ्यात लांब ठेव. दोन टोकं एकमेकांवर ठेवून दोन्हीकडून पीळ दे, टोकं मधल्या फटीतून काढ आणि थुंकी लावून हळू ओढ. कोरडी गाठ ओढली तर नायलॉन भाजतो आणि ऐन वेळी तुटतो. सरावाला आकडा नको, लोकरीचा तुकडा बांध. वारा असेल तर लीडर थोडा आखूड कर.

आणि हात दुखतो म्हणजे तू घाई करतोस. काठी मागे नेलीस की थांब. दोरी तुझ्या पाठीमागे पूर्ण उलगडू दे. ती दिसत नाही म्हणून माणसाला थांबवत नाही. पण ती उलगडल्याशिवाय पुढे ओढलीस तर चाबकासारखा आवाज होतो आणि सगळा भार खांद्यावर येतो.

एक विचारते. तुझ्या प्रत्येक पत्राखाली वहिनी दोन ओळी लिहीत. मागच्या दोन्ही पत्रांत नाहीत. रागावल्या का माझ्यावर?

नलू

*

कारंजा
२७ एप्रिल १९८१

नलू,

उत्तराले उशीर झाला. वहिनी रागावली नाई. तिचे डोळे दुखतात म्हून लिहत नाई.

तू सांगितला तसा लीडर बांधला. लय फरक पडला. थांबाचं जमत नव्हतं, मंग मी तोंडानं म्हणत गेलो, "कारंजा, तळेगाव, आर्वी," तेवढा वेळ थांबलो की दोरी मागं सरळ होते. आता दहापैकी सहादा बरोबर पडते. तेवढं अर्धा घंटा मन कुठंच जात नाई.

पण दोरी खरखरीत झाली. काठीच्या कड्यांतून सरकत नाई, अडकते. पार्सलनं पाठवली हाय. दुरुस्त होत असंल तं करून पाठवजो, घाई नाई. तलावावर मासे मात्र काई लागले नाई.

जास्त लिहत नाई. थकून राह्यलो.

किसनदादा

*

पतलीकुहल
१९ मे १९८१

दादा,

दोरी मिळाली. साबणाच्या कोमट पाण्यात घातली. पाणी काळं झालं. पुन्हा बदललं, पुन्हा काळं. आपल्या काळ्या मातीचं. मग फडक्यानं पुसायला घेतली तर त्यात गोखरूचे काटे निघाले, सरकीला चिकटलेला कापसाचा तंतू निघाला, आणि दोरीचं साल एका बाजूनं खरवडून गेलेलं, खडबडीत जमिनीवरून ओढल्यासारखं.

मी वर्षानुवर्षं यांच्या दोऱ्या धुतल्या आहेत. पाण्यावर फिरलेल्या दोरीला हिरवट शेवाळ लागतं, बुळबुळीत. तुझ्या दोरीवर त्याचा डागसुद्धा नाही. शिवाय एप्रिलअखेर त्या पाझर तलावात पाणी कुठलं? मी मागे आले होते तेव्हा होळीलाच तळाला भेगा होत्या.

ही दोरी पाण्याला लागलेलीच नाही, दादा. तू तलावावर जात नाहीस. काय चाललंय घरी?

दोरी उलटी करून, चांगलं टोक पुढे घेऊन परत पाठवते आहे. पण आधी उत्तर दे.

नलू

*

कारंजा
६ जून १९८१

नलू,

पयल्यांदा एकदाच गेलतो तलावावर. ते टोपीचं खरं हाय. त्याच दिवशी घरी आलो तं वहिनी घरात नव्हती.

ती हायवेवर सापडली. ट्रकांच्या रांगेत, अनवाणी, हातात पिशवी. चंद्रभान ढाबेवाल्यानं हात धरून खाटेवर बसवून ठेवली होती. मले पाहून ती त्याले म्हणे, "हे कोण होय?"

दोन वर्षांपासून चालू हाय. पयले मीठ, मंग चुलीवर दूध, मंग नावं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, यावर दवाई नाई, सांभाळा. जवाईबापूंच्या वेळी मी काऊन आलो नाई, ते हे. ओमप्रकाशले पुरतं सांगितलं नाई. त्याच्यासमोर ती दोन दिवस बरी वागली, पाहुणा समजून.

म्हून मी आंगणात फेकतो. फाटकाले कुलूप लावतो, तिले खाटेवर बसवतो अन् कुंपणापासून गोठ्यापर्यंत दोरी टाकतो. लोकरीचा तुकडा तुळशीपाशी पडला पाह्यजे असा नेम धरला हाय. दुसरं काई करायची सोय नाई. पुस्तक वाचाले घेतलं तं ती हिसकते. दोरी मात्र पाह्यत बसते.

ती मले नवरा समजत नाई. कंट्रोलर समजते. दर थोड्या वेळानं विचारते, "आर्वीची गाडी लागली का जी?" आर्वी तिचं माहेर. मी म्हणतो, "लागते बाई, बसा." तिले तेवढं पुरते. पुन्हा विचारते. नलू, मी सर्विसमंधी असतानाबी एवढ्या वेळा कोणाले उत्तर दिलं नसंल.

रात्री ती झोपत नाई, म्हून मीबी नाई. परवा तिले आंघोळ घालताना माह्या हातून तिचा दंड जोरात धरला गेला. वळ उठला. ते मनातून जात नाई.

तुले सांगितलं नाई कारण तुह्यं दुःख ताजं होतं. आता तूच दोरी धुऊन काढलं, तं लपवून काय करू.

किसनदादा

*

पतलीकुहल
२५ जून १९८१

दादा,

तू "निघून ये" लिहायचास तेव्हा मला वाटायचं, एकटी पडलेल्या बहिणीची कीव करतोय. म्हणून मी प्रत्येक वेळी टाळत गेले. तुलाच माणूस हवं होतं, एवढं लिहिलं असतंस तर मी डिसेंबरातच आले असते. असो.

वळाचं मनाला लावून घेऊ नको. झोप नसलेल्या माणसाच्या हाताला अंदाज राहत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला मी येते. त्याआधी घाटात दरडी कोसळतात, गाड्यांचा भरवसा नाही. आठवडाभर मी तुझ्याबरोबर राहून वहिनींचं सगळं शिकून घेईन. मग तू इकडे ये, माझ्या खोलीत राहा. महिनाभर तरी. नाही म्हणू नको. तू आजारी पडलास तर आर्वीची गाडी कोण लावणार?

ओमप्रकाशला मी लिहिलं आहे, सगळं. रागावलास तर रागाव.

नलू

*

पतलीकुहल
१८ ऑक्टोबर १९८१

नलू,

पोचलो. दिल्लीहून बसनं येताना पूर्ण रस्ता जागाच होतो, सवयीनं. तुह्या खोलीत आलो, गोधडी घेतली अन् झोपलो. पयले कितीक दिवस फक्त झोपलो. बाहेर सफरचंदाच्या पेट्यांवर दिवसभर खिळे ठोकतात, तरी झोपलो. दोनदा दचकून उठलो, फाटकाचं कुलूप तपासाले. इथं फाटकच नाई.

नदी अजून जवळून पाह्यली नाई. आवाज येते, तेवढाच.

आता तुह्यं. काल ठाकूरांचा थोरला पोरगा आला. म्हणे, "बाबूजी, बहनजी ने बताया नहीं? नवंबर में भाई की शादी है, कमरा खाली चाहिए." म्हटलं, कधी सांगितलं होतं? तं म्हणे उन्हाळ्यापासून. मंग मी खोलीत नीट पाह्यलं. ट्रंकेले सुतळी बांधलेली, भांडे पोत्यात, भिंतीवर जवाईबापूंचा फोटो तेवढा ठेवला हाय. तू कारंज्याले येताना हे सगळं बांधून आली. कोठी जाणार होती? "घरच्यासारखं वागवतात" लिहत होती.

मी तुले बोलत नाई. मले बोलायचा हक्क नाई. पण आपण दोघंबी एकाच शाळेतले.

वहिनी कशी हाय? मी दिसत नाई म्हून त्रास देते का? खरं लिहजो.

किसनदादा

*

कारंजा
३० ऑक्टोबर १९८१

दादा,

कुठे जाणार ते मलाही माहीत नव्हतं. म्हणून लिहिलं नाही. माहीत झालं की लिहिणार होते.

दिवाळी झाली. ओमप्रकाश आला होता, एकटाच. या वेळी मी काही झाकलं नाही. एक रात्र त्याला वहिनींजवळ झोपवलं. सकाळी तो ओट्यावर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "आत्या, बाबा हे दोन वर्षं करून राह्यले?" आता दर दोन महिन्यांनी आठ दिवस येतो म्हणतो. बघू. बोलला तरी.

मीही फार शहाणी नाही, दादा. तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी वहिनींनी ताट उलटं केलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. मग न्हाणीत जाऊन दार लावून बसले. तुझ्या पत्रात जे वाचलं होतं ते हातांनी केल्यावर कळलं. पाठ मोडते. त्याहून ते तेच तेच बोलणं मोडतं.

तू खरं लिही म्हणालास. रोज तुझी आठवण काढतात, असं लिहायला मी पेन उचललं होतं. पण आपण पुरे खोटं लिहिलं. त्या तुझी आठवण काढत नाहीत. एकदाही "ते कुठे गेले" असं विचारलं नाही. तुझा कोट खुंटीवर आहे, त्याकडे बघत नाहीत.

फक्त गाडीचं विचारतात. मी तू शिकवल्याप्रमाणे म्हणते, "लागते बाई, बसा." काल त्या शेजारच्या मनकर्णाबाईंना म्हणाल्या, "पयला कंट्रोलर चांगला होता. त्यानं सांगितलं की गाडी येईन असं वाटे. हे नवी बाई खोटं बोलते."

तुला याचं काय करायचं ते तूच ठरव. मी रात्री बराच वेळ तेच आठवत होते.

नलू

*

पतलीकुहल
८ नोव्हेंबर १९८१

नलू,

पत्र दोनदा वाचलं. ती आठवण काढत नाई हे वाचलं अन् आधी असं वाटलं की कोणी छातीवरचं पोतं उचलून नेलं. मंग त्याचीच लाज वाटली. दुपारी झोपलो. उठलो तं भूक लागली होती. कितीक दिवसांनी भूक लागली. ढाब्यावर बसून चार पोळ्या खाल्ल्या.

मंग संग आणलेली काठी घेऊन नदीवर गेलो. मासे धरायची बंदी लागली हाय, म्हून लोकरच बांधून नेली. चौकीदार पाहून हसला. पाणी लय थंड हाय, गुडघ्याच्या वर जाववत नाई. पयल्यांदा टाकली अन् मी चुकलो, कारण आंगणात दोरी पडली की पडून राह्यते. इथं पडल्याबरोबर पाणी तिले घेऊन जाते. आंगणात शिकलेलं निम्मंच कामाचं. मंग धारेच्या वरच्या अंगाले टाकत गेलो. दोरी मागं उलगडली, पुढं गेली, लीडर सरळ झाला अन् लोकर दगडाच्या कडेले टेकली. एक मासा खालून आला, लोकरीले नाक लावलं अन् परत गेला. मी तसाच उभा राह्यलो. हात दुखला नाई.

आता खरं लिहतो. परत यायचं मन नाई. दोन दिवस हेच डोक्यात होतं, की इथंच एखादी खोली पाहावी, तू तिथं हायच. हे लिहाले मले लाज वाटते, पण तू म्हणालं खोटं नाई लिहाचं. त्या दोन दिवसांत मी ठाकूरांच्या पोराले खोलीबद्दल विचारूनबी आलो. त्यानं खाली गावात एक खोली दाखवली, खिडकी नदीकडं हाय. मी उभा राहून पाह्यली. मंग एकदम वाटलं, तिथं कोणी गाडीचं विचारत असंल अन् तू थकली असशील.

बस स्टँडवर जाऊन दिल्लीचं तिकीट काढलं. सतरा तारखेची गाडी हाय. पण ती खोलीबी घेऊन टाकली, तुह्या नावानं. तू मार्चमंधी नदी खुली झाली की येऊ शकशील, नाई तं मी येईन. तू कायमची कारंज्याले राहा असं मी म्हणत नाई. म्हणाचं होतं, पण म्हणत नाई. तुह्यं सामान बांधलेलंच हाय. काय आणू अन् काय त्या खोलीत ठेवू, तारेनं कळवलं तरी चालंल.

किसनदादा

*

कारंजा
१३ नोव्हेंबर १९८१

दादा,

तारेत मावणार नाही म्हणून पत्रच लिहिते. मनकर्णाबाईंचा जावई आज दिल्लीला निघाला आहे. दिल्लीच्या बस अड्ड्यावर तुझी वाट बघून हे हातात देईन म्हणतो. चुकामूक झाली तर घरी येऊन वाच. सामान तोवर तू तुझ्या अंदाजानं ठेवलं असशील, तेच बरोबर धरते.

खोली घेतलीस हे बरं केलंस. तुला राहायचं मन झालं याची लाज बाळगू नको. तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी आर्वीच्या गाडीत बसून निघून जायचा विचार केला होता. फाटकापर्यंत गेले होते.

मार्च-एप्रिल मी तिकडे, तू इथे. मे-जून उलटं. ओमप्रकाशचे आठ दिवस आले तर आपण दोघंही झोपू. पावसाळ्यात काय ते पावसाळ्यात पाहू. वहिनी आता माझ्या हातून जेवतात, पण आंघोळीला मनकर्णाबाईच लागतात. त्यांनाही काहीतरी द्यायला हवं, त्या मागणार नाहीत.

काल वहिनी सबंध रात्र झोपल्या. का, ते माहीत नाही. मीही झोपले, म्हणून आज एवढं लिहू शकते.

नागपूरहून सकाळची गाडी धर, ती इथे थांबते. जेवण करून ठेवीन. मी स्टँडवर येणार नाही. घरी एकानं राहावं लागतं.

नलू